पाणमांजराच्या सात उवा

मी उवा मारायचं औषध विकते आणि माझी मावशी उवा सांभाळून ठेवते. ती पहिल्या मजल्यावर, मी तिच्या डोक्यावर दुसऱ्या, असे आम्ही दोन विरुद्ध पक्ष एकाच इमारतीत गुण्यागोविंदानं राहतो. माझं औषधांचं दुकान आहे. जंताच्या गोळ्या, खरजेचं मलम, उवांचा शाम्पू आणि त्याच्याबरोबर येणारी बारीक फणी हे सगळं खालच्या फळीवर असतं. मावशी दुकानात आली की आधी त्या फळीकडे बघते आणि विचारते, "आज किती जणींचं घर उठवलंस?"

तिची नोकरी वन्यप्राण्यांच्या इस्पितळाच्या तळघरात. वर जखमी प्राणी बरे होतात. जे बरे होत नाहीत ते, आणि गाडीखाली येऊन मेलेलेच आणले जातात ते, खाली मावशीकडे येतात. दारावर 'परजीवी विभाग' अशी भारदस्त पाटी आहे. विभाग म्हणजे एक लांब ओटा, दोन सूक्ष्मदर्शक, एक घरघरणारा फ्रीझर, बाटल्यांची चार कपाटं आणि मावशी. "लोक घर बघतात," ती म्हणते, "मी भाडेकरू बघते."

काम ऐकायला सोपं आहे. मेलेलं जनावर आधी फ्रीझरमध्ये ठेवायचं. मग ते वितळलं की घमेल्यात साबणाच्या पाण्यानं खसखसून धुवायचं आणि ते पाणी बारीक जाळीच्या चाळणीतून ओतायचं. चाळणीत उरेल तो गाळ काचेच्या ताटलीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पिसवा, गोचिडी, उवा ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. बाटलीत चिठ्ठी घालायची ती पेन्सिलनं लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. प्राणी कोणता, सापडला कुठे, तारीख काय, वेचलं कुणी. या धंद्यात प्राण्याला यजमान म्हणतात. मावशीनं लग्न केलं नाही. नवख्या कुणी "आपले यजमान काय करतात?" असं विचारलंच, तर ती गंभीर चेहऱ्यानं सांगते, "सध्या फ्रीझरमध्ये असतात."

प्रत्येक जनावर झालं की घमेलं आणि चाळणी उकळत्या पाण्यातून काढायची, रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात खूण करायची, आणि मगच पुढच्या जनावराला हात लावायचा. याबाबतीत मावशी इतकी कडक की इस्पितळात तिचं नाव चाळणीबाई पडलं. एक प्राणी, एक पिशवी, हा तिचा नियम घरातही चालतो. मी बाजारातून येताना मेथी आणि कोथिंबीर एका पिशवीत आणली तर ती जिन्यातच थांबवते. "वेगळं कर. कुठलं पान कशाचं, मागाहून कळत नाही." मी म्हणते, मावशी, ही भाजी आहे, पुरावा नव्हे. ती ऐकत नाही. मला वाटायचं, जन्मतःच असेल हा स्वभाव. त्या नियमाला एका ठरावीक तारखेला तडा गेला होता, हे मला यंदा कळलं.

पण आधी माझी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. मी सात वर्षांची असताना माझ्या डोक्यात उवा झाल्या. वर्गात बाईंनी माझी वेणी वहीच्या कोपऱ्यानं उचलून पाहिली आणि मला दप्तरासकट बाहेर व्हरांड्यात बसवलं. वर्गातली झाडून सगळी पोरं खिडकीतून बघत होती. आई कारखान्यात पाळीवर होती, तिला फोन लागायचा नाही, म्हणून शाळेनं मावशीला फोन केला. ती धावतपळत आली. तिच्या हातांना माशांचा वास येत होता. मी नाक मुरडलं असेन, कारण तिनं हात पाठीमागे घेतले एवढं आठवतं.

घरी नेऊन तिनं मला गॅलरीतल्या स्टुलावर बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि केस विंचरायला घेतले. मी मुसमुसत होते. पहिली ऊ पडल्याबरोबर तिनं ती कुंचल्यानं काचेवर उचलली, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "बघ तरी, कोण राहायला आलंय." मी बघितलं. ऊ आरपार दिसत होती. पोटात रक्ताचा ठिपका, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एक आकडी. "ही आकडी नेमकी तुझ्या केसाच्या जाडीची आहे," मावशी म्हणाली. "मांजराच्या अंगावर टाकलीस तर तिला धरताच येणार नाही. हिला तूच लागतेस." मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाला तरी अगदी मापाचे आहोत. रडणं कुठल्या कुठे पळालं. त्या दुपारी आम्ही एकोणीस मोजल्या, आणि पुढच्या आठवड्यात शाळेत गेल्यावर मी सगळ्या वर्गाला आकडी चित्र काढून दाखवली. मी औषधाच्या धंद्यात पडले ती त्या दुपारीच, फक्त विरुद्ध बाजूनं, असं मावशी म्हणते.

त्याच सुमाराला मावशीचं नाव झालं. एका पाणमांजराच्या धुवणात तिला सात उवा मिळाल्या. त्या जातीच्या पाणमांजरावर तोवर कुणालाच ऊ सापडली नव्हती. जे जनावर अर्धा दिवस पाण्यात डुंबतं त्याच्यावर ऊ जगणार कशी? तेव्हाचे विभागप्रमुख, मावशीचे सर, आनंदानं वेडेच झाले. सातही उवा काचपट्टीवर चढवून त्यांनी मोठा लेख लिहिला. उवेच्या डोक्याला पुढे एक खाच होती. सरांचं म्हणणं असं की पाणमांजराचा एकेक केस फार बारीक, म्हणून ही ऊ त्या खाचेत केसांचा अख्खा झुबका धरते आणि झुबक्यात अडकलेल्या हवेवर तगून राहते. नवी जात म्हणून त्यांनी तिला नाव दिलं, आणि नावाचा दुसरा शब्द म्हणजे आमच्या मावशीचं नाव, मागे लॅटिन शेपूट लावून. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाचं नाव दुकानाच्या पाटीवरही लागलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या धाकटीच्या नावाची ऊ आहे," आणि शेजारणींना हसावं की अभिनंदन करावं ते कळायचं नाही.

मावशीला मात्र अभिमानापेक्षा प्रश्नच जास्त पडले. ती गोष्टी सांगत नाही, प्रश्न विचारते. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणेल, "साळिंदराच्या अंगावर पिसू नेमकी चालते कुठून?" पण तिचा जन्माचा प्रश्न एकच. सात उवा एकदा मिळाल्या, मग पुढे का नाहीत? त्यानंतर सव्वीस वर्षांत तिच्या ओट्यावर त्रेचाळीस पाणमांजरं आली. तिनं प्रत्येकाचं धुवण दोनदा गाळलं. एकही ऊ नाही. "गेल्या कुठे?" ती मलाच विचारायची, जणू मी शाम्पू घालून संपवल्या होत्या.

यंदा ती निवृत्त होणार होती. शेवटच्या पंधरवड्यात, तिच्या जागी येणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाईंना शिकवायला म्हणून ती नमुन्याच्या काचपट्ट्या करत होती. तेवढ्यात एक उदमांजर आलं, झाडांवर राहणाऱ्या जातीचं. उदमांजरं वर्षाला पाच-सहा येतातच, आणि त्यांच्यावर उवा असतातच. त्यांना फार पूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं, म्हणून मावशी रजिस्टरमध्ये 'उवा, नेहमीच्या' एवढंच लिहून बाटली कपाटात टाकत आली होती. यावेळी शिकवण्यासाठी तिनं त्यातल्या चार काचपट्टीवर चढवल्या.

त्या दिवशी माझं दुकान बंद होतं. दुपारी बाराला तिचा फोन आला. "ये. चष्मा घेऊन ये."

मी गेले तर दोन्ही सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी मांडलेले. "डावीकडे बघ, मग उजवीकडे बघ, आणि फरक सांग." मी बघितलं. दोन्हीकडे तपकिरी, चपटी, खाच असलेली ऊ. पुन्हा बघितलं.

"सारख्याच आहेत की."

"गोळ्या अशाच बघून देतेस का गिऱ्हाइकाला? नीट बघ."

मी दहा मिनिटं बघितलं. पायाचे केस मोजले, शेपटाकडचे काटे मोजले. फरक नव्हता. "मग?" मी म्हटलं.

"डावीकडची उदमांजराची. उजवीकडची सातांतली एक." ती स्टुलावर बसली. "खाच काचपट्टीवर चढवल्याशिवाय दिसत नाही. आणि नेहमीच्याच आहेत म्हणून मी या कधी चढवल्याच नाहीत. सव्वीस वर्षं त्या मागच्या कपाटात बसून होत्या, आणि मी पाणमांजरं गाळतेय."

"पण सरांनी त्या वेळी ताडून बघितलं असेल ना?"

"ऊ ओळखायची तर आधी यजमान बघायचा, ही रीत. पाणमांजराची ऊ म्हटल्यावर पाण्यातल्या जनावरांच्या उवांशी ताडली. उदमांजर झाडावरचं. त्याची आठवण कुणाला यायची?"

मग तिनं मला एक गंमत दाखवली. सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की बातमी वाईट आहे हे मी विसरलेच. उदमांजराचा एक केस तिनं चिमट्यानं एका सुट्या उवेच्या डोक्याशी नेला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोरखंडाएवढा दिसत होता. केस खाचेत गेला आणि बटण काजात बसावं तसा बसला. एकच केस. झुबका नाही, हवा नाही, काही नाही. "इतकं सरळ होतं गं," मावशी म्हणाली.

माझ्या डोक्यात तोवर दिवा लागला होता. "मग तुझ्या नावाचं काय?"

"एका जातीला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं. नंतरचं जातं."

"नंतरचं म्हणजे तुझं."

"हं."

मला तिचा राग आला, खरंच सांगते. पंधरा दिवसांवर निरोपसमारंभ. तिथे त्या उवेचा मोठा फोटो चौकटीत घालून तिला देणार होते, खाली नाव, त्या नावात तिचं नाव. "हे तुला आणि मला सोडून कुणाला माहीत आहे?" मी विचारलं. "सरांना वाईट वाटेल. तू काय कमी राबलीस? राहू दे ना ते नाव. त्या पाणमांजराचं काय बिघडतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी अगम्य बोलल्यासारखी. "अगं, पण ती तिथे राहत नाही," ती म्हणाली.



मग ती उठली आणि सव्वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून आणलं. उवा पाणमांजराच्या नाहीत, तर त्याच्या धुवणात आल्या कशा, हा नवा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. पान सापडलं. सकाळी उदमांजर: 'उवा, नेहमीच्या.' त्याच्या खालच्या ओळीत पाणमांजर: 'उवा ७!!' दोन उद्गारचिन्हं. आम्ही दोघींनी शेवटच्या रकान्यावर बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत चाळणी उकळल्याच्या खुणा, एकीखाली एक. फक्त उदमांजरापुढची जागा कोरी. कपाटातून तिनं त्या दिवशीची उदमांजराची बाटली काढली. पेन्सिलची चिठ्ठी अजून स्वच्छ होती. त्यातली एक ऊ काचपट्टीवर चढवली आणि तीही तीच निघाली.

"तू आणि चाळणी न उकळता?" मी म्हटलं. "झालं काय होतं त्या दिवशी?"

ती सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू उगाच फिरवत बसली. "फोन आला होता. पाणमांजर वितळून घमेल्यात पडलेलं, तसं टाकून जाता येईना. घाईघाईनं त्याच चाळणीत गाळलं, गाळ ताटलीत झाकून ठेवला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी येऊन वेचलं."

"कुणाचा फोन?"

"शाळेतून."

मी तारखेकडे बघितलं. मग माझ्या नाकात तो माशांचा वास आला, सव्वीस वर्षांपूर्वीचा. पाणमांजर मासे खातं. मी त्या ओट्यापाशी उभी राहिले आणि मला रडू फुटलं, तेही मोठ्यानं. नव्या डॉक्टरीणबाई दारातून डोकावून परत गेल्या. मावशी म्हणाली, "काचपट्टीवर सांडू नकोस."

सरांना सांगायला ती दुसऱ्याच दिवशी निघाली. मीही बरोबर गेले. सर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेले. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते, पायांवर चादर.

"सर, त्या सात उवा पाणमांजराच्या नव्हत्या," मावशीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "उदमांजराच्या होत्या. मधे चाळणी उकळायची राहिली. माझ्याकडून."

सरांनी पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही आता सांगताय?"

"कालच कळलं, सर."

"आणि आज आलात. महिनाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं? माझ्या वयाला महिना पुष्कळ असतो." त्यांचा आवाज चढला होता. मावशी मान खाली घालून उभी. मला वाटलं, तिला हाताला धरून बाहेर न्यावं.

सरांनी कठड्यावर बोटं वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. "ती खाच," ते म्हणाले. "त्या खाचेत उदमांजराचा केस धरून पाहिलात का हो?"

"पाहिला."

"मग?"

मावशीनं पिशवीतून जाड काळं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या पानभर उवेचं डोकं काढलं, त्यात केस. सरांनी कागद नाकाला लागेल इतका जवळ धरला. "घट्ट बसतो?"

"बटण काजात बसतं तसा."

"अरे वा!" सर बोलून गेले. मग खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे आपला तो झुबका गेला."

"गेला, सर."

"छान होता हो पण."

"फार छान होता," मावशी म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता सरांनी चादरीच्या टोकानं डोळे पुसले. "दुरुस्ती छापायला पाठवा," ते म्हणाले. "तुमच्या नावानं. माझ्या नावानं एक चुकीचं छापून झालंय. आणि चाळणी का राहिली तेही लिहा."

"विसरले, असं लिहिते," मावशी म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मीही तोंड उघडलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

निरोपसमारंभात संचालक पेचात पडले. चौकट तयार होऊन आली होती, खाली ठळक अक्षरांत ते नाव आणि 'पाणमांजरावरील एकमेव ऊ'. "बाई, फोटो तर खरा आहे ना?" ते म्हणाले. मावशी म्हणाली, "द्या तशीच. माझी मी दुरुस्त करीन." तिला सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं चाळणी कशी उकळावी हे सांगितलं आणि खाली बसली. टाळ्या बऱ्याच उशिरा पडल्या.

चौकट आता तिच्या बैठकीच्या खोलीत लागली आहे. तिच्या धंद्यातली एक रीत मला तेव्हाच कळली: नमुन्यावरचं जुनं लेबल चुकीचं निघालं तरी काढायचं नसतं, खोडायचंही नसतं. त्याच्या खाली नवं लावायचं, कुणी आणि कधी दुरुस्त केलं ते लिहून. आमच्या दुकानात असं केलं तर परवाना जाईल. पण मावशीनं पट्टी कापून, डिंक काढून ठेवला होता, आणि अक्षर माझं बारीक म्हणून लिहायला मला बसवलं.

मी लिहिलं: 'वरील नाव रद्द. यजमान: उदमांजर.' त्याखाली: 'पाणमांजरावर नोंद झाली ती चाळणी न उकळल्यामुळे.' त्याखाली मावशीचं नाव आणि तारीख. आता त्या चौकटीत तिचं नाव दोनदा आहे, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. मग माझा हात थांबला.

"का उकळली नाही तेही लिहिते," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुझं नाव गेलं. तेवढं तरी लिहू दे."

"जागा नाही."

"मी बारीक लिहीन."

"नको."

"मावशी, शाळेतून फोन आला नसता तर..."

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावलं. "फोन आल्यावर मी निघाले ते बरोबरच होतं. पुन्हा आला तर पुन्हा निघेन. चूक झाली ती चाळणीची." पट्टीच्या मागे तिनं डिंक लावला, चौकटीखाली नीट दाबून बसवली. "या दोन गोष्टी एका पिशवीत घालू नकोस."

मग तिनं मला डिंकाचे हात धुवायला पाठवलं.